मापातली भर

केशव प्यायचा. हे मी म्हणते. दुसऱ्या कोणी म्हटलं असतं तर त्याच्या तोंडावर पळी हाणली असती. माझा एकुलता एक पोरगा, छत्तीस वर्षांचा. हिंगण्याला कारखान्यांच्या फाटकासमोर आमची खानावळ आहे, तिचा बाजारहाट तोच करायचा. बाजारातून येताना पिऊन यायचा आणि सकाळी मीच त्याला ताक पाजून उठवायची. लोकांना वाटायचं, प्रयागबाईला काही दिसत नाही. दिसत सगळं होतं. पण बोलले असते तर भिंतीपलीकडच्यांनी ऐकलं असतं, म्हणून बोलले नाही.

शहाऐंशी सालच्या जानेवारीत त्याचं पोट फुगलं. हातपाय काड्यांसारखे, पोट मडक्यासारखं आणि डोळे हळदीत बुडवून काढल्यासारखे. मोठ्या दवाखान्यात नेलं. लिव्हर वाळलंय म्हणाले. सुई घालून पोटातलं पाणी काढलं, आठ दिवसांत पुन्हा भरलं. मग त्याची लघवी आटत चालली. दिवसभरात गिलासभरसुद्धा नाही.

वॉर्डात लांजेवार नावाचे डॉक्टर होते. वय फार नव्हतं, पण माणूस खाली बसून बोलायचा. मला म्हणाले, "मावशी, याच्या किडनीत बिघाड नाही. लिव्हरमुळं तिच्यापर्यंत रक्त नीट पोचत नाही, म्हणून ती काम करत नाही."

मी म्हटलं, "म्हणजे भट्टी चांगली हाय, पण लाकूडच येऊन नाही राहिलं."

ते हसले. म्हणाले, "अगदी तसंच. एक गोळी आहे, बाहेरदेशातून आणलेली. तिनं रक्ताचा जोर वाढतो. अशा बारा जणांना ती द्यायची आणि लघवी वाढते का, रक्त सुधारतं का ते बघायचं, असं आम्ही ठरवलंय. केशवला घेऊ का?"

मी कागदावर सही केली. अंगठा नाही, सही. दुसरी पास आहे मी, 'प्रयाग' लिहिता येतं.

त्या गोळीचे नियम असे होते. दिवसातून तीनदा गोळी. जेवण अळणी, मिठाचा कण नाही. सकाळी आठपासून दुसऱ्या दिवशी आठपर्यंतची सगळी लघवी खाटेखालच्या प्लास्टिकच्या कॅनमध्ये साठवायची. आठ वाजता ती खुणांच्या काचेच्या भांड्यात ओतून मोजायची, आकडा सिस्टरला सांगायचा आणि त्यातलीच एक बाटली तपासणीला द्यायची. हे काम वॉर्डबॉयचं होतं. पण वॉर्डबॉय एक आणि खाटा चाळीस, म्हणून मोजायचं काम घरच्या माणसावर आलं होतं. सिस्टर विचारायची, "सात नंबर किती?" आम्ही सांगायचो, ती लिहायची. तिनं कधी वाकून पाहिलं नाही. आणि शेवटचा नियम असा की पाच दिवसांत लघवी वाढली नाही तर गोळी बंद.

आम्ही वॉर्डात खाली गादीवर होतो तेव्हा सात नंबरच्या खाटेवर कामठीचा धोंडबा सुतार होता, त्यालाही तीच गोळी. पाचव्या दिवशी त्याची गोळी बंद झाली. सातव्या दिवशी त्याची बायको रिकामी पिशवी घेऊन जिना उतरताना मी पाहिली. शिकलेल्या माणसाला यात दोन वेगळ्या गोष्टी दिसल्या असतील. मला एकच दिसली. गोळी बंद झाली की माणूस जातो.

शेजारच्या आठ नंबरच्या खाटेवर कुहीकडचे देवाजी होते. त्यांना दारू नाही, विडी नाही. कावीळ आली आणि लिव्हर घेऊन गेली. आमच्यानंतर दोन दिवसांनी त्यांचीही गोळी सुरू झाली. बायको भीमाबाई माझ्याच वयाची, धानाच्या रोवणीच्या कामानं हात पिळवटलेली. ती दोघं छप्पनच्या दीक्षेतली. ती चहा पुढे करायची, मी तिच्या हातचा घेतला नाही. कारण सांगितलं की मला चहा सोसत नाही. ती म्हणाली, "सकाळी कँटीनचा तर घेतला बाई तुम्ही." मी तोंड फिरवलं.

गोळीनं केशवच्या अंगावर काटा यायचा. डोक्यातून मुंग्या फिरतात म्हणायचा. मला वाटलं, औषध लागू पडतंय. पण पहिल्या दिवशी अडीचशे सीसी, दुसऱ्या दिवशी दोनशे ऐंशी, तिसऱ्या दिवशी दोनशे साठ, चौथ्या दिवशी पुन्हा अडीचशे.

पाचव्या सकाळी मी कॅन उचलला. हाताला वजन कळतं. इतकी वर्षं पातेली उचलली आहेत. कॅन हलका होता. न्हाणीघरात नेऊन भांड्यात ओतलं. दोनशे वीस.

आता माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगते. खानावळीत दूध यायचं तेव्हा मी त्यात काचेची नळी सोडून बघायची. पाणी घातलेलं असलं की नळी खाली बुडायची. नळी नसलेल्या बायांना गवळी सहा महिन्यांत बुडवतो. मला एकानंही बुडवलं नाही. म्हणून न्हाणीघरात उभी असताना मला पहिल्यांदा नळ दिसला आणि दुसऱ्या क्षणी मी नळावरून हात काढला. पाणी घातलं तर तपासणीत कळेल. दुधात पाणी घातलं तर नळी सांगते. पण दुधात दूधच घातलं तर कोणती नळी सांगणार?

दाराची कडी लावली. माझी स्वतःची लघवी मी त्या भांड्यात घातली.

बाहेरून भीमाबाईनं दार वाजवलं. "काहून वं बाई, झोपल्या का अंदर? लोकायले पण मोजायचं हाय."

"थांब जराशी. तुझी गाडी नाही सुटून राहिली."

बाहेर आले आणि सिस्टरला म्हटलं, "सात नंबर, सहाशे."

सिस्टरनं मान वर केली. "किती?"

"सहाशे. बहिऱ्या झाल्या का?"

लांजेवार डॉक्टर त्या दिवशी दोनदा आले. पोटावर बोटं वाजवली, डोळे पाहिले. केशवला म्हणाले, "शाब्बास रे. गोळी चालू ठेवू." केशव माझ्याकडे बघून हसला. तीन आठवड्यांत पहिल्यांदा. त्या हसण्यापायी मी पुढचे सगळे दिवस केले असं म्हटलं तर ते खोटं नाही. पण पूर्ण खरंही नाही. वाढवून सांगितलेलं माप खाली कसं आणायचं? आज सहाशे आणि उद्या दोनशे म्हटलं तर विचारतील. म्हणून उद्या सातशे, परवा साडेसातशे.

तपासणीचा कागद आला तेव्हा डॉक्टरांच्या तोंडावर दिवाळी होती. आधी केशवच्या लघवीतून मीठ पडतच नव्हतं, किडनी सगळं धरून ठेवायची. आता मीठ पडत होतं. "मावशी, किडनी उघडली," म्हणाले. मीठ तर पडणारच होतं. मी रोज दोन वेळा वरणभात आणि वर लोणचं खात होते.

ते भीमाबाईलाही म्हणाले, "धीर धरा. केशवला गुण आला ना, तुमच्या यांनाही येईल."

भीमाबाईनं एकदा केशवच्या कॅनकडे पाहिलं. तिचा आकडा रोज खरा. एकशे नव्वद, दोनशे, एकशे ऐंशी.

किडनी उघडली म्हणून सातव्या दिवशी डॉक्टरांनी दुसरी गोळी जोडली. पोटातलं पाणी लघवीवाटे काढणारी. म्हणाले, "किडनी बंद असताना ही देता येत नाही, आणखी बिघडते. आता हरकत नाही."

मी ते ऐकलं. नीट ऐकलं. किडनी बंद असताना देता येत नाही, हे शब्द माझ्या कानात पडले, आणि मी त्यांच्यासमोर उभी राहून चादरीची सुरकुती काढत राहिले. तोंड उघडायची ती वेळ होती. पण मग सगळ्या वॉर्डासमोर मी काय केलं ते सांगावं लागलं असतं. चाळीस खाटा, त्यांची माणसं, सिस्टर, झाडूवाली. म्हटलं, दोन दिवस बघू. गोळीनं खरंच गुण येईल आणि मग खोट्याचं खरं होईल.

नवव्या दिवशी केशवची जीभ कोरडी पडली. बोलता बोलता झोपायचा. हात पुढे कर म्हटलं की पंजा फडफडायचा, उडायचं विसरलेल्या पाखरासारखा. रक्ताचा कागद वाईट आला. डॉक्टरांनी त्याला काट्यावर उभं केलं, दोघांनी धरून. वजन उतरलं नव्हतं, पाऊण किलो चढलंच होतं.

डॉक्टर खाटेशेजारी बसले. तोंड उतरलेलं. "लघवी एवढी होते तर वजन उतरायला पाहिजे. उतरत नाही. म्हणजे पोटात कुठून तरी मीठ जातंय."

त्याच वेळी माझी सून प्रेमलता डबा घेऊन आली. सकाळी खानावळीचा स्वयंपाक उरकायचा, केशवचं अळणी वेगळं करायचं, बस धरायची आणि दुपारी बारापर्यंत यायचं, असं तिचं चाललं होतं. डॉक्टरांनी तिच्या हातातून डबा घेतला आणि बोटानं वरण चाखलं.

"अळणीच आहे," म्हणाले. "ताई, खरं सांगा. याशिवाय काही देता? लोणचं, पापड, बाहेरचं काही?"

प्रेमलतानं खाली पाहिलं. एरवी माझ्याशी पदर खोचून भांडणारी पोरगी, तिच्या तोंडातून शब्द नाही.

डॉक्टर माझ्याकडे वळले. "मावशी?"

मी म्हटलं, "मी रात्रंदिवस इथंच राहतो. माझ्यासमोर तर कोणी काही दिलं नाही."

या वाक्यात एक शब्द खोटा नाही. म्हणून तर ते इतकं चांगलं कापून गेलं.

डॉक्टर म्हणाले, "उद्यापासून घरचा डबा बंद. आणि पेशंटजवळ एकच माणूस राहील."

"मी बसू नको का त्यायच्याजवळ?" प्रेमलतानं विचारलं.

"आता नको, ताई."

तिनं डब्याचं झाकण लावलं. केशवच्या पायावरची चादर सारखी केली आणि गेली. मी तिला थांबवलं नाही. भीमाबाई देवाजींचे पाय चेपत होती, तिचे हात थांबले. डॉक्टर गेल्यावर ती उठून माझ्याजवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली,

"गोळी दोघायची एकच. तुमचा कॅन मी रोज उचलून पाहतो बाई, झाडताना सरकवा लागते तवा. आमच्याएवढाच हलका राहते. न्हाणीघरातून निघाल्या की तुमचा आकडा भारी होते."

"तोंड सांभाळ."

"सांभाळूनच हाव. म्हणून तर कोणाले सांगितलं नाही. पण त्या लेकीले काहून जाऊ देलं?"

"तुले काय करायचं हाय?"

"मले?" ती म्हणाली. "डॉक्टर तुमच्या पोराकडं बोट दाखवून, पाच दिवस उलटले तरी आमच्या ह्यायची गोळी बंद न करता वाढवून राहिले. सकाळपासून ह्यायचं डोकं फुटून राहिलं. मले हे करायचं हाय."

मी केशवच्या खाटेकडे वळले.

दुसऱ्या दिवशी केशव जरा शुद्धीवर होता. म्हणाला, "प्रेमा कुठं हाय?"

"घरी."

"काहून नाही आली?"

"खानावळ कोण पाहीन मग?"

"तिले म्हणा, ये." मग डोळे मिटून म्हणाला, "रागावली का माझ्यावर?"

मी त्याच्या ओठांना ओला बोळा लावला. नाही म्हटलं नाही, हो म्हटलं नाही. त्यानं काय समजायचं ते समजून घेतलं असेल.

अकराव्या दिवशी भेटीच्या वेळेला प्रेमलता आली. तिला वर सोडलं नाही म्हणून वॉर्डबॉयनं मला खाली बोलावलं. ओपीडीच्या पायऱ्यांवर ती बसली होती, डोळे सुजलेले. मला पाहून उभी राहिली आणि माझे पाय धरले.

"आई, मी मारलं त्यायले."

"काय बरळून राहिली?"

"मागच्या मंगळवारी तुम्ही आंघोळीले गेल्या होत्या. ते रडून राहिले होते आई, लहान पोरासारखे. म्हणे, तोंडाले चव नाही, मराच्या पहिले एकदा चव दे. मी लोणच्याची एक फोड देली. धुऊन देली, पण देली. त्याच्याच्यानंच वजन वाढलं. डॉक्टरनं विचारलं तवा माझी जीभच उचलली नाही."

आता ऐका. मी त्या पायरीवर उभी होते आणि माझ्यापुढे एक दार आपोआप उघडलं होतं. मला काही करायचं नव्हतं. फक्त गप्प राहायचं होतं, किंवा तिच्या पाठीवर हात ठेवून 'जाऊ दे पोरी, झालं ते झालं' म्हणायचं होतं. तिनं जन्मभर ते डोक्यावर वाहिलं असतं आणि मोठ्या मनाची सासू म्हणून माझं नाव झालं असतं. एवढ्या बायांच्या तोंडच्या कथा ऐकल्या मी आयुष्यात, पण अशी आयती सुटका कोणाला मिळालेली ऐकली नव्हती.

मी तिच्या पाठीवर हात ठेवलासुद्धा. हाडं लागली हाताला. एवढ्या दिवसांत तिचं ब्लाऊज ढिलं झालं होतं.

"एका फोडीनं कोणी मरत नाही," मी म्हटलं. "ऊठ. डॉक्टरकडं चाल."

"मी नाही सांगू शकत, आई."

"तुले कोण सांग म्हणते? मले सांगायचं हाय."

लांजेवार डॉक्टर ड्युटीच्या खोलीत चहा पीत होते. सिस्टरही होती. मी म्हटलं, "सिस्टरले राहू द्या, तिनंच आकडे लिहिले." आणि उभ्यानंच सगळं सांगितलं. नळावरून हात का काढला तेही सांगितलं. कोणत्या दिवशी किती भर घातली ते मला पाठ होतं, ते एकेक करून सांगितलं. खानावळ चालवणाऱ्या बाईला भर घातलेलं विसरता येत नाही.

डॉक्टर आधी ओरडले नाहीत. कप खाली ठेवला. म्हणाले, "सात दिवस?"

"हो."

"मावशी, मी त्याला पाण्याची गोळी दिली हो." आणि मग एकदम मोठ्यानं, "मी त्याला पाण्याची गोळी दिली!"

कोणी माझ्यावर असं ओरडलेलं मी खपवून घेत नाही. त्या दिवशी घेतलं.

ते पळतच वॉर्डात गेले. पाण्याची गोळी बंद केली, शिरेतून बाटली लावली. देवाजींची वाढवलेली गोळी पहिल्याइतकी केली. मग खाटेच्या पायथ्याला अडकवलेला केशवचा कागद काढला आणि पाचव्या दिवसापासून खाली लाल पेनानं एक तिरकी रेघ ओढली. पेन कागदातून आरपार गेलं.

प्रेमलताला त्यांनी स्वतः स्टूल आणून दिलं. ती केशवजवळ बसली. त्याचे डोळे उघडे होते, पण ते कोणाला बघत नव्हते. ती म्हणाली, "मी आली न. पाहा, मी आली." तो तिचा हात चाचपायचा आणि मध्येच सोडून द्यायचा.

कॅनचं काम सोडलं तर ती तीन दिवस त्या स्टुलावरून उठली नाही. कॅनही तीच न्यायची, तीच मोजायची आणि सिस्टरला आकडा सांगायची. एकशे दहा. ऐंशी. शेवटच्या दिवशी काहीच नाही. मी भिंतीशी बसून असायचे. भीमाबाईनं माझ्यापुढे चहाचा कप ठेवला, तो मी घेतला.

केशव चौदाव्या दिवशी दुपारी अडीच वाजता गेला. प्रेमलतानं त्याचे डोळे मिटले, मला हात लावू दिला नाही.

कागदपत्रांसाठी डॉक्टरांकडे जावं लागलं. ते लिहीत होते. बारा जणांच्या यादीत केशवच्या नावापुढे त्यांनी काही लिहिलं. काय लिहिलं विचारलं तर म्हणाले, "हा मोजणीत धरता येणार नाही."

मी म्हटलं, "एक विचारू? मी काही केलं नसतं तर पाचव्या दिवशी गोळी बंद झाली असती. मग वाचला असता का?"

"बहुतेक नाही."

"आणि चालू राहिली असती, पण पाण्याची गोळी देली नसती तर?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांत राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. "मावशी, मला नाही सांगता येणार. कोणालाच नाही सांगता येणार आता."

मी उठले.

गाडीत मागे केशव होता आणि आम्ही दोघी त्याच्या दोन बाजूंना. प्रताप नगरच्या पुढे गेल्यावर प्रेमलतानं पहिल्यांदा तोंड उघडलं. समोर बघत म्हणाली, "माझ्यावर आलं तवा तुम्ही चूप राहिल्या."

"हो."

"त्यायनं मले विचारलं असन. दोन दिवस. मी काहून नाही आली म्हणून."

"विचारलं होतं."

"तुम्ही काय सांगितलं?"

मी सांगितलं, खानावळीचं. रागावली का असं विचारलं होतं तेही सांगितलं, आणि मी नाही म्हटलं नाही तेही. तिनं तोंडावर पदर घेतला आणि हिंगणा येईपर्यंत काढला नाही.

लोकांना वाटलं, तेरावं झालं की ही माहेरी जाईल. गेली नाही. मीही थांब म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. चौदाव्या दिवशी सकाळी पाचला ती उठली, भट्टी पेटवली आणि पहिल्या पाळीचं पीठ मळायला घेतलं. बाजारहाटही आता तीच करते. माझ्यापेक्षा चांगला करते. भाजीवाल्याला असं बोलते की मला माझंच तरुणपण ऐकू येतं.

आम्ही दोघी एकाच भट्टीपुढे बसतो. कामापुरतं बोलतो. तवा द्या, पीठ संपलं, दहा माणसं वाढली. पण केशव गेला त्या दिवसापासून तिनं मला आई म्हटलं नाही. प्रयागबाई म्हणते, जेवायला येणारे कामगार म्हणतात तसं, सगळ्यांसमोर, मोठ्यानं. पहिल्यांदा म्हणाली तेव्हा पंगतीतले चारजण जेवता जेवता थांबले आणि माझ्या तोंडाकडे बघू लागले, की आता म्हातारी पळी उचलते.

मी ओ दिली.